पुढचं सगळ्यांना माहीतच आहे

फेब्रुवारी संपत आला तरी मुलुंडच्या सकाळी थोड्या गार असतात. म्हणजे मुंबईत जेवढं गार होऊ शकतं तेवढ्याच. डोंगराकडून वारा येतो. रस्त्याच्या कडेच्या शिरीषांच्या काळ्या चिकट शेंगा खाली पडतात, चपलेला लागतात आणि घरापर्यंत येतात. संध्याकाळी खेळणारी मुलं अचानक कमी होतात. कुणाच्या तरी खिडकीतून प्रमेय पाठ करण्याचा आवाज येतो, कुणाच्या घरातला टीव्ही मुका होतो. दहावीची परीक्षा जवळ आली, हे कॅलेंडर न बघता कळतं.

मी आता बोरिवलीला राहते, पण आईकडे जाणं होतंच. आणि या दिवसांत तिच्या इमारतीच्या जिन्यात पाऊल टाकलं की मी पाचवीतली होते. माझ्या हातात गुंडाळलेली सतरंजी असते.

आमचं घर दोन खोल्यांचं, पहिल्या मजल्यावर. आई आतल्या खोलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. अकरा मुलं होती, त्यातली चार आमच्याच इमारतीतली. सतरंजीवर मुलं, भिंतीला टेकवलेला फळा, आणि स्टुलावर आई. तिला सगळे सुमनबाई म्हणत. ती हुशार मुलांना शिकवायची नाही. त्यांना माझी गरज नाही, असं सरळ सांगायची. गणिताचं नाव काढलं की जी खिडकीबाहेर बघू लागतात अशी मुलं ती घ्यायची. त्यांच्यासाठी तिनं भूमितीच्या वह्या लिहिल्या होत्या, स्वतःच्या हातानं, प्रत्येक प्रमेयाआधी एक साधी ओळ घालून. ‘घाबरू नकोस, आपल्याला एवढंच दाखवायचं आहे की हे दोन कोन सारखे आहेत.’ अशा ओळी.

हेमंत आमच्याकडे आला तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी बसला होता. चोवीस वर्षांचा, बोलायला गोड. आईनं त्याला विज्ञान शिकवायला दिलं. तो आमच्याकडेच जेवायचा. बटाट्याच्या काचऱ्या त्याला आवडायच्या म्हणून त्या आठवड्यातून दोनदा व्हायच्या आणि मला त्यांचा कंटाळा यायचा. मी त्याला हेमंतदादा म्हणायचे. मुलं सर म्हणायची, आणि ते ऐकून तो पहिल्या दिवशी लाजला होता, हेही मला आठवतं.

त्या वर्षी आईला दिवस गेले होते. जानेवारीच्या शेवटी, सहाव्या महिन्यात, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ वाचलं नाही. जाण्याआधी पोट धरून तिनं हेमंतच्या हातात त्या वह्या दिल्या आणि मी येईपर्यंत मुलांना सांभाळ, असं सांगितलं. मी दाराशी उभी होते. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरीही ती त्याला वर्तुळाचं प्रकरण कुठपर्यंत आलंय ते समजावत होती.

घरी आल्यावर ती तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाबा ऑफिसला जायचे, मी शाळेत. कोणी भेटायला आलं तर ती झोपल्याचं सोंग करायची. त्या काळात असल्या गोष्टी कोणी बोलायचं नाही. पदराआड पोट फारसं दिसलं नव्हतं, म्हणून इमारतीत फक्त ‘बाईंना बरं नाही’ एवढंच कळलेलं होतं. खरं काय ते बाबांना ठाऊक होतं, मला अर्धवट, आणि हेमंतला पूर्ण.

मग एका सोमवारी मी शाळेतून आले तर ती उठलेली. केस विंचरलेले, अंगावर कॉटनची निळी साडी. तिनं मला सतरंजी पसरायला सांगितली. परीक्षेला जेमतेम दोन आठवडे होते. पाच वाजता ती स्टुलावर बसली. साडेपाच झाले, सहा झाले, कोणी आलं नाही. एकदा जिन्यात पावलं वाजली तेव्हा तिनं पदर सारखा केला. ती पावलं वर निघून गेली. सात वाजता तिनं खडू फळ्याच्या कडेवर ठेवला आणि मला म्हणाली, “घडी कर.” मी सतरंजीची घडी केली. एवढंच. त्यानंतर तिनं कुणालाही शिकवलं नाही. पुढच्या वर्षी घाटकोपरच्या एका कंपनीत टायपिंगची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत ती केली.

मुलं कुठे गेली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तळमजल्यावरच्या सामंतांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिचा भाऊ आईकडे शिकायचा. तिनं मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, सांगितलं की हेमंत सरांनी स्टेशनजवळ खोली घेतलीय आणि सगळे तिकडे जातात. का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तुझ्या आईच्या डोक्यावर परिणाम झालाय ना. सरांनीच सांगितलं सगळ्या पालकांना. म्हणाले, पोरांना तिथे पाठवणं बरं नाही.”

मी हे घरी सांगितलं नाही. दहा वर्षांच्या मुलीनं आईला जाऊन काय सांगायचं, की लोक तुला वेडी समजतात? पण मला दिसत होतं. सामंत काकू जिन्यात आईशी बोलताना आवाज उगाच मऊ करायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या राण्यांनी त्यांच्या धाकटीला आमच्या घरी खेळायला पाठवणं बंद केलं. आई गॅलरीत जरा जास्त वेळ उभी राहिली की समोरच्या गॅलरीतून कोणीतरी बघत राहायचं. ‘बाईंना बरं नाही’ या तीन शब्दांत हेमंतनं त्याला हवं ते भरलं होतं, आणि आई गप्प राहिली म्हणून ते खरं ठरलं होतं.

हेमंतचे क्लास वाढत गेले. मुलुंड, मग घाटकोपर, मग अंधेरी. दर परीक्षेच्या मोसमात त्याचे फोटो असलेले फलक वाढत गेले. त्याच्या छापील नोट्स एकदा माझ्या हातात पडल्या. पहिल्याच प्रमेयाच्या आधी ओळ होती, ‘घाबरू नकोस, आपल्याला एवढंच दाखवायचं आहे.’ खाली लेखक म्हणून त्याचं नाव. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. कसं, ते माहीत नव्हतं. सूड म्हणजे काय ते लोकांना उगाच मोठं वाटतं. तो फार घरगुती असतो. भाजी चिरताना, बसची वाट बघताना तो शेजारी येऊन बसतो, आणि त्याला काही घाई नसते.

मी भाषांतरं करते. मागच्या वर्षी ओळखीच्या एका प्रकाशकांनी फोन केला. एका मोठ्या क्लासवाल्यांचं इंग्रजी आत्मचरित्र मराठीत करायचं आहे, परीक्षेच्या मोसमाआधी हवं, कराल का? नाव ऐकलं आणि मी हो म्हणाले. लग्नानंतरचं माझं आडनाव वेगळं. त्यानं मला शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या.

पुस्तक इंग्रजीत दुसऱ्या कोणीतरी सफाईनं लिहिलेलं होतं. तिसऱ्या प्रकरणात मुलुंडची गोष्ट यायची. उसन्या जागेत, एक फळा आणि अकरा मुलं घेऊन त्यानं सुरुवात केली, असं तिथे होतं. आणि पुढचं वाक्य, द रेस्ट इज हिस्टरी. त्यानंतर थेट घाटकोपरची काचेची इमारत.

त्या वाक्यावर मी तीन दिवस अडकून बसले. इंग्रजीत ते इतकं वापरून गुळगुळीत झालंय की त्याचा अर्थ कोणी बघत नाही. क्रिकेटपटू, नट, दुकानदार, सगळे म्हणतात. पुढचं इतकं प्रसिद्ध आहे की सांगायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. मराठीत मी लिहून पाहिलं, ‘पुढचा इतिहास सर्वांना माहीतच आहे.’ वाचून पाहिलं आणि वाटलं, कुणाला माहीत आहे? सामंत काकूंना जे माहीत आहे ते, की मला जे माहीत आहे ते? ‘बाकी इतिहास आहे’ असं लिहिलं तर ते मराठीच वाटेना. आपल्याकडे बाकी राहिलेली गोष्ट संपलेली नसते. ती उरलेली असते, ती पुरी करावी लागते. इंग्रजी वाक्य दार लावून घेत होतं आणि माझी भाषा त्या दारात पाय घालून उभी होती.

मी त्याला भेटायला गेले. घाटकोपरचं ऑफिस, गार हवा, टेबलावर ताजी फुलं. केस पांढरे झाले होते, पण बोलणं अजून तसंच गोड. मी त्याला अडचण सांगितली. म्हटलं, मराठी वाचक इथे थांबेल आणि विचारेल की मग पुढे काय झालं. दोन परिच्छेद घालावे लागतील. तो हसला. म्हणाला, “घाला ना तुम्ही. मी काही मराठी वाचत नाही हो आता. तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा.” मी तसं त्याच्या ऑफिसला लेखी कळवलं, आणि मंजूर असल्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

मग मी लिहिलं. आत्मचरित्र असल्यामुळे सगळं ‘मी’ म्हणून लिहायचं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त आवडलं. ‘ती जागा सुमनबाईंची होती. फळा त्यांचा, मुलं त्यांची, वह्याही त्यांनी लिहिलेल्या. त्यांचं बाळ गेलं तेव्हा त्यांनी विश्वासानं हे सगळं माझ्याकडे सोपवलं. मी पालकांना सांगितलं की बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. ते खोटं होतं, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.’ असं दीड पान. भाषांतरकारानं असं करू नये. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणं हे आमच्या कामातलं सगळ्यात मोठं पाप, आणि मी ते शांतपणे, शुद्धलेखन तपासून केलं.  त्या दुपारी मी पोटभर जेवले.

प्रकाशन याच मोसमात झालं, मुलुंडच्या एका सभागृहात. पालकांनी भरलेलं सभागृह. मी चौथ्या रांगेत बसले होते, त्याचा चेहरा नीट दिसेल अशी. निवेदिका म्हणाली की या पुस्तकातला मनाला सर्वात भिडणारा उतारा ती वाचणार आहे, आणि तिनं नेमकं माझं दीड पान वाचलं.

‘डोक्यावर परिणाम’ हे शब्द आले तेव्हा त्याची मान वर आली. मला तो क्षण हवा होता, त्याच्यासाठी मी तेहतीस वर्षं थांबले होते. त्यानं समोरची प्रत उघडली, पानं उलटली, थांबला.  आणि मग टाळ्या सुरू झाल्या.

लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. एवढा मोठा माणूस, आणि किती प्रांजळपणे चूक कबूल करतो, असं त्या मला म्हणाल्या. व्यासपीठावर तो सावकाश उठला, त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली. टाळ्या आणखी वाढल्या. मी बसूनच राहिले. मी त्याच्या गळ्यात दगड बांधायला गेले होते आणि लोकांनी त्याचा हार केला होता.

नंतर गर्दीत तो माझ्याजवळ आला. हे कुठून आणलंत, असं हळू आवाजात विचारलं. मी सुमनबाईंची मुलगी, असं मी सांगितलं. त्यानं मला क्षणभर निरखून पाहिलं. “छान लिहिलंयस,” तो म्हणाला, आणि सही मागणाऱ्यांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन आईकडे गेले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. न सांगण्याची सवय आम्हा दोघींनाही लागलेली. तिनं चष्मा लावला आणि ते दीड पान दोनदा वाचलं. वह्या त्यानं स्वतःच्या नावानं छापल्या ते तिला ठाऊक होतं. डोक्यावर परिणाम झाल्याची अफवा मात्र ठाऊक नव्हती. लोक बदलले ते तिला कळलं होतं, पण तिला वाटलं होतं की बाळ गेलेल्या बाईला लोक अपशकुनी समजत असतील. बराच वेळ ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली.

मग तिनं विचारलं, “हे त्यानं लिहिलं?”

मी म्हटलं, नाही, मी लिहिलं. सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल, किंवा कशाला उकरून काढलंस म्हणून रागावेल. ती रागावली, पण वेगळ्याच कारणासाठी.

“म्हणजे त्यानं अजून कबूल केलेलंच नाही,” ती म्हणाली. “ते तू केलंस. त्याच्या वतीनं. त्याचं काम सोपं केलंस तू.” आणि चष्मा काढून भाकरीचं पीठ मळायला गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की या घरात सूड सांभाळणारी मी एकटी नव्हते, आणि माझ्यापेक्षा तिचा हिशेब जास्त कडक होता. शेवटी गणिताची बाई.

आठवड्यानं, मी आईकडे असताना, त्याचा फोन आला. त्याला आईचा सत्कार करायचा होता. पुढच्या कार्यक्रमात गुरू म्हणून तिला व्यासपीठावर बसवायचं होतं, आणि त्याआधी घरी येऊन आशीर्वाद घ्यायचा होता. मी नाही म्हणणार तेवढ्यात आईनं फोन मागून घेतला आणि रविवारी दुपारी तीनची वेळ दिली.

तो आला. शाल, नारळ, आणि फोटो काढायला ऑफिसातली एक बाई. आत येताच वाकला. आईनं पाय मागे घेतले आणि त्याला बसायला सांगितलं. तो बोलत राहिला, घर किती तसंच आहे, काचऱ्यांची चव अजून जिभेवर आहे. आई ऐकत होती. शेवटी त्यानं शाल मांडीवर घेतली. म्हणाला, “बाई, झालं गेलं. दॅट्स हिस्टरी नाऊ.”

मी आतल्या दाराशी होते. इतिहास हा एकच शब्द घेऊन हा माणूस दोन्ही दारं लावू शकत होता. पुस्तकात गोष्ट इतकी प्रसिद्ध होती म्हणून सांगायची नाही. इथे ती इतकी जुनी झाली होती म्हणून सांगायची नाही. मधल्या मधे जे घडलं ते सांगायला जागाच नव्हती कुठे.

आईनं त्याला विचारलं की त्या वेळी पालकांना त्यानं नेमकं काय सांगितलं होतं. तो म्हणाला, पुस्तकात आहे ना सगळं. ती म्हणाली, “पुस्तकातलं माझ्या मुलीनं लिहिलंय. तू सांग.”

तो आठवत नाही म्हणाला. ती थांबली. आई वर्गातही अशीच थांबायची, मुलाला उत्तर येईपर्यंत, दुसऱ्याला विचारायची नाही.  फोटोवाल्या बाईंनी कॅमेरा खाली केला.  शेवटी तो जमिनीकडे बघून म्हणाला, “मी सांगितलं की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.”

“झाला होता?”

“नाही.”

आईनं मान हलवली. मला वाटलं संपलं. हेमंतलाही वाटलं असावं, कारण त्यानं शालीची घडी उलगडायला घेतली. आई उठली आणि तिनं चपला घातल्या. त्या अकरा घरांतली दोन अजून याच इमारतीत आहेत, असं तिनं त्याला सांगितलं. सामंत आणि राणे. चल.

तिचे गुडघे गेलेत. एकेक पायरी दोन पाय ठेवून उतरावी लागते. तो तिच्या मागे, मी त्याच्या मागे. मध्ये एकदा तो वळून माझ्याकडे बघू लागला, मी काही बोलेन या आशेनं. मी कठड्याला धरून वाट अडवून उभी राहिले.

सामंत काकू आता ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी दार उघडलं. आईनं सांगितलं की या माणसाला काही सांगायचं आहे. तो पुटपुटला. काकूंनी कानामागे हात धरला. तो पुन्हा म्हणाला. “मोठ्यानं बोला हो,” काकू म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्याला ओरडूनच सांगावं लागलं, की तेव्हा मी बाईंबद्दल खोटं बोललो, बाई ठणठणीत होत्या, त्यांचं बाळ गेलं होतं. जिन्यात ते शब्द वरपर्यंत गेले. शेजारचं दार किलकिलं झालं.

काकू उंबऱ्याबाहेर आल्या. त्यांनी हात पुढे केला. आईनं तो धरला नाही. तिला त्यांच्याशीही हिशेब होता, तो नंतरचा.

आम्ही परत चढू लागलो, राण्यांच्या दुसऱ्या मजल्याकडे. आई प्रत्येक पायरीवर थांबत होती आणि तिला दम लागला होता, पण तिनं कोणालाही हात लावू दिला नाही. हेमंतच्या मानेवर घाम आला होता. मला समाधान वगैरे काही वाटत नव्हतं. मला आणखी मजले हवे होते. इमारतीला तीनच मजले आहेत याचं मला वाईट वाटत होतं.

राण्यांच्या दाराशी आतून काही आवाज नव्हता. हेमंत घड्याळाकडे बघून म्हणाला की साडेतीन झालेत, माणसं झोपली असतील, आपण नंतर कधीतरी येऊ.

आई भिंतीला टेकली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“बेल दाब,” ती म्हणाली. “उठतील.”